मी पाऊस पाडतो म्हणे

ती. सुमिएताईस,
तेइजीचा वाकून नमस्कार.

भातलावणी संपली, बेडकांनी डोकं उठवलंय आणि कपाटातल्या बुटांना हिरवी बुरशी धरली आहे, म्हणजे जून महिना व्यवस्थित चालू आहे. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना अजून ऐकू येत नसेलच (त्यात त्यांचं सुखच आहे, म्हणून जास्त चौकशी करत नाही). मी अगदी ठणठणीत आहे, आणि सध्या गावाला हेच खुपतंय.

आपल्या खोऱ्यातली रेल्वे येत्या मार्चमध्ये बंद होणार, हे तुला कळलं असेल. ज्या फलाटावर मी एकतीस वर्षं स्टेशनमास्तर म्हणून उभा राहिलो, तिथं आता गवत उगवणार. म्हणून आमच्या डोंगरभटक्या मंडळानं ठरवलं, की त्या गाडीनं शेवटची सहल काढायची. तोगेगुचीला उतरायचं, खिंड चढून धबधबा बघायचा आणि पावणेचारच्या गाडीनं परत. आता ऐन पावसात ही हौस का, असं तू विचारशील. तर लावणी संपल्यावर आणि निंदणी सुरू होण्याआधी गावाला हाच एक आठवडा मोकळा मिळतो. आखणीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण दिवसाला तीन गाड्या, त्याही एका डब्याच्या, आणि एक चुकली तर चार तास डास मारत बसायचं. मी चौदा पानांची पुस्तिका केली. तीत गाड्यांच्या वेळा आहेत, शौचालयं आहेत, जळवांसाठी मीठ कोणी आणायचं ते आहे, पाऊस आला तर काय, फार आला तर काय, आणि दरड कोसळलीच तर कोणी कोणाची माफी मागायची, हेही आहे.

आणि मग मलाच वगळलं!

झालं असं, की मंडळाच्या पहिल्या तिन्ही सहलींना मी होतो आणि तिन्ही वेळा सगळे चिंब भिजले. चौथ्या वेळी मी दात काढायला गेलो, तर स्वच्छ ऊन पडलं. उन्हानं भाजलेल्या नाकांचा फोटो मंडळींनी मला घरी आणून दाखवला. तेव्हापासून मी 'पावसाचा माणूस' झालो आहे. अगं, जून-जुलैत इथं चाळीस दिवस पाऊस पडतो. एका दिवसाचा मी पाडला असं धरू, उरलेले एकोणचाळीस कोण पाडतं? पण हे विचारायची सोय नाही, कारण माझ्या तोंडावर कोणी काही म्हणतच नाही. आपल्याकडे माणूस जीव देईल, पण सरळ बोलणार नाही. बैठकीत आमचे अध्यक्ष निशिगाकी (तोफूचं दुकान, तेच) चहा ढवळत म्हणाले,

"मास्तर, एकोणीस तारखेला तुम्हाला काहीतरी काम असेल, नाही का?"

"छे, मोकळाच आहे."

"असं कसं? दात वगैरे?"

"सगळे नवे बसवून झाले."

"मग पाठ तरी दुखत असेल," माकिनोबाई मायेनं म्हणाल्या. "एवढं लिहिलंत. दुखायलाच हवी हो!"

मी नाही म्हटलं. मग बराच वेळ सगळे तांदळाच्या कुरकुरीत वड्या चावत बसले. शेवटी निशिगाकींनी मला 'मुख्यालयप्रमुख' नेमलं, म्हणजे सहल डोंगरावर असताना मी घरी फोनजवळ बसायचं. टाळ्या पडल्या. मी तीनदा वाकून आभार मानले, आणि इतके मनापासून मानले की घटकाभर मलाही खरंच वाटलं. येताना निशिगाकींच्या वळचणीला पाहिलं, तर पाऊस थांबावा म्हणून कापडाच्या पांढऱ्या बाहुल्या टांगलेल्या. तेरा साध्या, चौदावीला चष्मा. चष्मा अगदी माझ्यासारखा.

ताई, हसू नकोस. मला फार लागलं. या सगळ्यांना त्या गाडीत जन्मभर चढवलं मी, आणि शेवटच्या फेरीला मी फोनजवळ!

असो. भाऊजींना नमस्कार सांग (मोठ्यानं).

तुझा धाकटा,
तेइजी

ता. क. कालच्या बैठकीत मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की माझी थोरली बहीण 'उन्हाची बाई' आहे, ती जाईल तिथं ढग पांगतात. उन्हाच्या एका बाईनं पावसाचा एक माणूस फिटतो, हे इथं सर्वमान्य आहे. माझं नाव परत यादीत घेतलं, पण तू आलीस तरच. तेव्हा एकोणीसला ये. पुस्तिका सोबत पाठवतोय. नवव्या पानावर तुझं नाव मी शाईनं लिहिलं आहे.

आणखी एक. तुझ्या लग्नात वादळानं फेरीबोट अडकली आणि वऱ्हाड गुडघाभर चिखलातून आलं, हे निशिगाकींसमोर काढू नकोस. शाळेतल्या तुझ्या ओळीनं चार वर्षं पावसात वाहून गेलेल्या क्रीडादिनांबद्दलही नको. भाऊजींना काही सांगूच नकोस, ते ओरडून बोलतात.

शेवटचं. गाडी बंद झाली की तुझ्याकडून इथं यायला तीन बस बदलाव्या लागतील, आणि बसमध्ये तुला दहा मिनिटांत ओकारी येते. म्हणजे मार्चनंतर तू यायची नाहीस. आई गेल्यापासून नऊ वर्षं आपण नुसती पत्रं लिहितोय. डोंगर राहू दे, मंडळाला जाऊ दे पुढे. आपण दोघं फलाटावरच बसू. धो धो पडला तरी पडू दे. छत्र्या माझ्याकडे दोन आहेत.