नळाच्या डावीकडचा काथ्या

माझा धाकटा भाऊ आकाराम याने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले आहे: 'एक मे रोजी, आम्ही पेठ वडगावला परतल्यानंतर, अंधुक दिसत असल्यामुळे वहिनींनी सिंकपाशी हात कापून घेतला. आता त्यांना स्वयंपाकघरात जाऊ देणे धोक्याचे आहे.' या मजकुरातील तारीख चुकीची आहे, कारण चुकीचे आहे आणि निष्कर्ष सर्वांत चुकीचा आहे. माझ्या पश्चात त्या निष्कर्षाप्रमाणे कोणी वागू नये, यासाठीच मुख्यतः हे मृत्युपत्र करीत आहे.

मी, वीरभद्र मल्लाप्पा आवटी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. माझे हृदय अशक्त झाले आहे, बुद्धी नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. वकिलांच्या मसुद्यातील 'सदरहू' मी सर्वत्र काढले आहे. ज्याला 'हे घर' म्हणता येते, त्याला तसेच म्हणावे.

१. या घराचा खालचा मजला माझी पत्नी शिवगंगा हिच्याकडे तहहयात राहील. तिच्या इच्छेविरुद्ध तिला येथून कोणीही हलवू नये. 'तिच्याच भल्यासाठी' हे कारणही चालणार नाही. वरचा मजला माझी मुलगी सुष्मिता हिला देतो. ती जयसिंगपूरचे बिऱ्हाड हलवून येथे येण्यास तयार आहे. तिने वर स्वतःचे स्वयंपाकघर करावे. खालचे तिच्या आईचे आहे. आईच्या पश्चात संपूर्ण घर सुष्मिताचे.

२. बँकेतील सर्व ठेवी शिवगंगेच्या. त्यांबाबत अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. सिंक. वकील म्हणाले, हे कलम मृत्युपत्रात बसत नाही. मी त्यांना बसवून दाखवतो.

काचबिंदूने शिवगंगेची दृष्टी गेली, तेव्हा तिने सर्व कामे सोडली, एक सोडून. गळ्यातल्या लिंगाच्या पूजेचा तांब्या आणि फुलपात्र ती चिंच लावून, काथ्याने, स्वतः घासते. तो काथ्या खरकट्याला लागता कामा नये, हा तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने, घालून दिलेला दंडक. आता चार घासण्यांतून न पाहता तोच काथ्या कसा उचलावा?

तरुणपणी मी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवीत असे. खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचे घर ठरलेले असते आणि हात तेथे न पाहता जातो. त्या धर्तीवर मी ओट्यावर ओळीने चार वाट्या मांडल्या. शिवगंगेने दोन दिवस चाचपडून पाहिले आणि म्हणाली, "तुमचा छापखाना तुमच्यापाशी ठेवा. माझा हात जिथं जातोय तिथं घासणी पायजे. घासणी हाय तिथं हात न्हाय जायचा." मग ती नळापुढे उभी राहिली, हात मोकळा सोडला, आणि हात जेथे थांबला तेथे मी पेन्सिलीने खूण करीत गेलो.

ती रचना अशी. नळाच्या डावीकडे, छातीच्या उंचीवर, पितळी हूक. त्यावर पूजेचा काथ्या. तेथे दुसरे काहीही टांगू नये. उजवीकडे भोकांच्या साबणदाणीत स्पंज, पिळून, उभा. साबणदाणी सिंकच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे पाणी साचत नाही. खिडकीच्या गजाला बाटल्यांचा लांब ब्रश, केस खाली करून. तारेची घासणी बोचते, म्हणून ती सर्वांत दूर, मातीच्या कुंडीत. सुरी फक्त खणात. ही रचना शिवगंगेची आहे. मी केवळ खिळे ठोकले.

बसवजयंतीला पाहुणे येणार म्हणून आकाराम आदल्या दिवशी आला, तो स्टीलची एक उंच टोपली घेऊन. रबरी चकत्यांनी ती सिंकला चिकटवली आणि काथ्या, स्पंज, ब्रश, तारेची घासणी, सगळे तिच्यात भरले. ओट्यावर सुरी पडलेली दिसली, तीही भरली, पाते वर करून. मग सोप्यात येऊन चहा पीत मला म्हणाला, "अण्णा, बगा जावा, सिंक कसं शोरूमवानी झालंय!" मी उठण्यापूर्वीच आतून शिवगंगेचा आवाज आला. ती ओरडली नाही. तिने विचारले, "सुरी उभी कुणी केली?"

बोटाला टाके पडले. आकाराम कळवळला, हे मी नमूद करतो. त्याचे मन स्वच्छ आहे, सिंकपेक्षा अधिक. म्हणाला, "वैनी, तुमी वडगावला चला. माझ्या सुना ताट हातात देतील. तांब्याबी उचलाय लावणार न्हाय तुमास्नी."

शिवगंगा म्हणाली, "भावजी, ताट दिलासा तर जेवीन. पर माझा तांब्या कोण घासणार? मी काय फडताळातली बरणी हाय व्हय, उचलून दुसरीकडं ठेवायला?"

गटावरचा मजकूर त्यानंतरचा आहे. हे कलम लिहितो आहे असे कळल्यावर त्याने फोन केला. "अण्णा, घासण्यांसाठी कोण मृत्युपत्र करतंय?" मी म्हटले, "मी करतो."

तरी, माझ्या पश्चात या घरात येणारा प्रत्येक जण, मुलगी, जावई, भाऊ वा पाहुणा, वस्तू वापरल्यावर तिच्या ठरलेल्या घरात परत ठेवील. या अटीचे पालन सुष्मिताने करवून घ्यावे. व्यवस्थापक म्हणून तिलाच नेमतो.

४. वडगावच्या वडिलोपार्जित रानातील माझा हिस्सा आकारामला देतो. ते रान त्यानेच कसले. ती टोपलीही, रबरी चकत्यांसह, त्यालाच परत द्यावी.

५. माझे शब्दकोश नात शांभवीला. समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या खोडू नयेत.

६. वरील मसुदा मी शिवगंगेला वाचून दाखवला. ती म्हणाली, "समदं लिवलासा, पर स्पंज कवा बदलायचा ते न्हाय लिवलं." म्हणून हे कलम वाढवीत आहे: स्पंजाला वास येऊ लागला की बदलावा. वास आला की नाही, हे शिवगंगा ठरवील.

हे सर्व मी वाचले, दुरुस्त केले आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली; त्यांनी माझ्यासमोर केली.

वीरभद्र मल्लाप्पा आवटी (सही)

साक्षीदार:
१. विजयसिंह बाळासो सासने, शेजारी (सही)
२. डॉ. यशराज इंगवले (सही)

कोल्हापूर, दि. १४ ऑगस्ट २०२५

परिशिष्ट: दुरुस्त तारखा

नोव्हेंबर २०१९: शिवगंगेची दृष्टी पूर्णपणे गेली. 'अंधुक' हे त्यापूर्वीचे वर्णन आहे.

५ जानेवारी २०२०: हूक ठोकला. आकाराम समजतो तसे गेल्या वर्षी नव्हे. तेव्हापासून पुढील तारखेपर्यंत तिच्या बोटाला ओरखडाही उठला नाही.

२९ एप्रिल २०२५: टोपली बसवली आणि हात कापला, दोन्ही याच दिवशी. आकाराम घरातच होता.

१ मे २०२५: या दिवशी काहीही घडले नाही.

१२ मे २०२५: टाके निघाले. दवाखान्यातून आल्यावर शिवगंगा नळापाशी गेली, डावीकडे हात नेला, काथ्या घेतला आणि तांब्या घासला. आकारामच्या मजकुरात ही तारीख नाही. ती घालावी.