समुद्राकाठी कूलर

४ एप्रिल
ठरलं. या मे महिन्यात मालवण. लग्नात दामिनीले शब्द दिला होता, पुढच्या उन्हाळ्यात समुद्र दाखवतो. बावीस उन्हाळे झाले. त्यात माझी चूक काय? नागपूरच्या इतवारी बाजारात कूलरचं दुकान. उन्हाळ्यात सीझन, बाकीचे आठ महिने सीझनची तयारी. माणूस जाईल कधी? पण हा मार्तंड शब्दाचा पक्का आहे. उशीर होते, एवढंच.
जेवताना जाहीर केलं. माय म्हणाली, बरं. दामिनी पोळ्या लाटत राहिली. आनंदानं शब्द फुटत नसन.

७ एप्रिल, सकाळी
चार तिकिटं काजलनं मोबाइलवर काढली. १२ मे, दुपारची गाडी. मी काढणारच होतो. पोट्टी बारावी सायन्सले आहे, पण जिद्द माझी घेतली.

९ एप्रिल
मालवणच्या होमस्टेवाल्या इंदूबाईले फोन. म्हणे एसी रूम घ्या, मे महिन्यात त्रास होईल. कोणाले? नागपूरच्या माणसाले? शेहेचाळीस डिग्रीत आम्ही तर्री-पोहे खातो. आणि सवाल तत्त्वाचा आहे. वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगून राहिलो, एसीनं हाडं आखडतात. तोच मी एसीत झोपलो हे बाजारात कळलं तर काय तोंड दाखवू?
साधी रूम बुक केली. म्हटलं, कूलर आपला घेऊन येतो. बाई बराच वेळ हसली. तिकडचे लोक मनमोकळे दिसतात.

९ एप्रिल, दुपारी
जेवण गेलं नाही, अशी आयडिया आली. फोनवर इंदूबाईले विचारलं होतं, तुमच्याकडे कूलर कोणत्या कंपनीचा चालते? म्हणे, इथं कूलर कोणी घेतच नाही. म्हणजे अख्खा किनारा मोकळा पडला आहे आणि आजवर एकाच्याही डोक्यात आलं नाही. सुट्टीची सुट्टी, धंद्याचा धंदा. तिथं एक पीस चालवून दाखवायचा. पुढच्या वर्षी तिथं ब्रँच.

१५ एप्रिल
काजल म्हणे, बाबा, कूलर कोरड्या हवेत थंड करते. समुद्राकाठी हवेतच पाणी असते, तिथं तो काही कामाचा नाही. मी म्हटलं, हवेतच पाणी असन तर टाकी भराची मेहनत वाचली. पोरीनं पुस्तकात डोकं घातलं. आजकाल शाळेत प्रॅक्टिकल शिकवत नाहीत.

२४ एप्रिल
मालवणचा पीस तयार. फिक्का निळा रंग, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या गवताची नवी ताटी. माझा मेकॅनिक बळीराम म्हणे, भाऊ, टाकीतून एक थेंब सुटून राहिला, सील लावू का? म्हटलं, राहू दे गा, समुद्रावर एक थेंब कोण पाहते. मग म्हणे, हा गाडीत चढन का? म्हटलं, चढवणाऱ्यात दम पाहिजे. तो पान खायला निघून गेला. विश्वास नसलेली माणसं मोठी होत नाहीत.

३ मे
दामिनीनं महिन्यानं तोंड उघडलं. म्हणे, मले एसी नको, तुमचा कूलरही नको. आपण दोघं एकदा पाण्यात पाय बुडवून उभं राहू, बस. मी म्हटलं, राहू ना. समोरून लाटा, मागून कूलरची हवा. वायर लंबी घेतली आहे. ती उठून आत गेली. मले जरा वाईट वाटलं. मग बळीरामचा फोन आला, पंपाबद्दल.

११ मे
बॅगा भरल्या. मायनं दोन डबे चिवडा केला. दामिनीनं पायाच्या बोटांना नेलपॉलिश लावलं, लाल. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. छान दिसून राहिलं होतं. सांगायचं राहिलं. मालवणला सांगतो.
दुकानावर पाटी लावली: मालक समुद्रावर गेले आहेत.

१२ मे, दुपारी ४
स्टेशनवरून लिहून राहिलो.
कूलर डब्याच्या दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला. टीसी म्हणे, काका, हे पार्सलमध्ये बुक करा. मी घरच्यांना म्हटलं, बसून घ्या, पाच मिनिटांत आलो. दामिनी दारातच उभी. म्हणे, राहू द्या तो कूलर, तुम्ही चढा. हात पण पुढे केला. मी म्हटलं, आलोच ना.
पार्सलच्या खिडकीवर लाइन होती. पावतीवर शिक्का पडला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा जाऊन राहिला होता. नेमकी आजच वेळेवर काहून सुटली? कूलर माझ्यापाशीच आहे. मी हरलो नाही. उद्या निघतो.

१३ मे
ट्रेनले वेटिंग दोनशे एकोणीस. ट्रॅव्हल्सवाला म्हणे, एक सीट आहे, माणूस चालन, कूलर नाही. मी म्हटलं, दोघं येऊ नाही तर कोणीच येणार नाही. म्हटलं, जो माणूस आपला माल सोडते, तो काय माणूस आहे? तो म्हणे, ठीक आहे.
त्यानं लगेच ठीक आहे म्हणायला नको होतं. घरी आलो.

१४ मे, संध्याकाळी
पंचेचाळीस डिग्री. घरात मी एकटा, मालवणचा पीस फुल स्पीडवर. मस्त थंड. काजलले हे कोणीतरी दाखवलं पाहिजे.
दामिनीचा फोन आला. ऐकू येईना. म्हणे, आधी कूलर बंद करा. मे महिन्यात मी कोणाच्या बापाचं ऐकून कूलर बंद करत नाही.
केला.
मग पाण्याचा आवाज आला. येते, जाते, येते. ती म्हणे, ऐकू आलं का? म्हटलं, आलं. म्हणे, मायचा हात धरून पाण्यात उभी आहे. माय एकटीच हसून राहिली आहे. आणि म्हणे, रूम आम्ही एसीची घेतली, इतवारीत सांगू नका. मग फोन तसाच पाण्याकडे धरून ठेवला. नेलपॉलिशचं सांगायचं होतं. पुन्हा राहिलं.
फोन संपला तेव्हा ध्यानात आलं, पाय ओले झाले आहेत. टाकी गळून राहिली. पाणी पार खुर्चीखाली आलं.
सरकलो नाही. तसाच बसलो आहे.