खिळ्यावरचं मंगळसूत्र

तांबरम, चेन्नई

ती. सासूबाईंना,

फोनवर मी गप्प होते म्हणून तुम्ही रागावलात. बोलायला गळा धड लागतो.

लेथवर लाकूड कातायचं माझं वेड तुम्हाला कधीच आवडलं नाही. फिरत्या लाकडात लोंबतं काही अडकू नये, म्हणून मी मंगळसूत्र काढून खिळ्याला अडकवते. तुमच्या क्षितिजनं हे सांगितल्यावर तुम्ही त्याला म्हणालात, "नवरा जिवंत असताना गळा उघडा? तुला काही वाटतं का?"

त्याला वाटलं.

रविवारी गच्चीवरच्या खोलीत मी कडुनिंबाचा वाडगा कातत होते. त्यानं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं, मानगूट धरली आणि मला मशीनवर दाबलं. "आता कात!"

लाकडानं पोत ओढली. ती गळ्यात रुतली, कपाळ फुटलं, रक्त त्याच्या शर्टावर उडालं. मग पोत तुटली. माझ्या आईची साधी दोऱ्यातली पोत, तुम्हाला भिकारडी वाटायची ती. तुम्ही दिलेल्या मंगळसूत्राच्या सोन्याच्या साखळीनं मला सोडलं नसतं.

मी पटाशी उचलली तेव्हा तुमचा वाघ जिन्यावरून पळाला, तो थेट तुमच्याकडे पोचला. खालच्या मीनाक्षी अक्कांनी मला दवाखान्यात नेलं.

तुम्ही म्हणता, आता तरी साखळी घाल. ती खिळ्याला टांगून ठेवली आहे. क्षितिजनं यावं, ती स्वतःच्या गळ्यात घालून लाकडावर वाकावं. मशीन चालू करायला मी आहे.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंत तर तुम्ही त्याला येऊ देणार नाही. फोनवर एवढंच सांगेन : त्याला पाठवा, साखळी तयार आहे.

तुमची सून,
ऊर्मी