जेवलो म्हटल्यावर

पारनेर, मार्च १९७३

लाओ चेन यांना शलमोनचा सलाम.

बासष्टच्या चीनच्या लढाईत पकडला गेलो तेव्हा सात महिने कैद्यांच्या छावणीत तुमच्या हातचं खाल्लं. आडनावाआधी ‘लाओ’ लावून वडीलधाऱ्याला मान देतात, हे तुम्हीच शिकवलंत. भेटलात की विचारायचात, ‘छ्र ला मा?’ जेवलास का? तुमच्याकडचा तो रामरामच. ‘जेवलो’ म्हणायचं आणि समोरच्याला उलट विचारायचं, अशी रीत. शत्रूला कशाला विचारायचं, म्हणून मी नुसतं ‘जेवलो’ म्हणायचो.

आता मी दुष्काळी कामावर मुकादम आहे. आज दुपारी खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्या राहीबाईनं विचारलं, “जेवला का, दादा?”

“व्हय, जेवलो,” मी म्हणालो. उलट विचारलं नाही. तिचं उत्तर दिसत होतं, आणि माझ्या डब्यात एकच भाकरी होती. थोड्या वेळानं ती ढिगाला टेकून बसली आणि बसल्या जागीच तिचा जीव गेला. संध्याकाळी घरी येऊन मी ती भाकरी खाल्ली.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. पण तुमचीही मनगटं राहीबाईसारखीच काटकुळी होती, हे आज आठवलं.

लाओ चेन, तुम्ही जेवला होतात का?

तुमचा कैदी,
शलमोन