पडद्यावरचा सत्तेचाळीस नंबर

डहाणू,
रविवार, २६ फेब्रुवारी २०१७

चि. धनेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र का लिहावं लागलं ते आधी सांगते. तू फोनवर हसतोस. गुरुवारी मी फोन केला तेव्हा 'पडद्यावर ऑइलपेंट' एवढेच शब्द माझ्या तोंडून गेले होते, तोच तू जो हसायला लागलास तो दिशाने फोन तुझ्या हातातून काढून घेईपर्यंत थांबला नाहीस. मग ती हसायला लागली. हसणाऱ्या माणसांशी मला बोलता येत नाही. कागदावर तू कितीही हसलास तरी मला ऐकू येणार नाही आणि माझं सांगून तरी पुरं होईल. तुझी कंबर कशी आहे? (वापीत एवढे डॉक्टर असताना तू मोबाइलमध्ये बघून व्यायाम करतोस, हे मला दिशाकडून कळलं आहे.) तात्या बरे आहेत. चिकू उतरवणाऱ्या माणसांवर झाडाखाली उभे राहून अजून तेवढ्याच जोरात ओरडतात. माझी तब्येत उत्तम आहे. मी अलीकडे तापट झाले आहे असं शाळेत म्हणतात, पण तो स्वभाव झाला, तब्येत नव्हे.

भाऊबीजेला लोक बहिणीला साडी देतात. तू तुझ्या कंपनीने बदलून टाकलेले चार संगणक दिलेस, तेही मला नव्हे, माझ्या शाळेला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. उधव्याच्या आतल्या पाड्यावरची चार शिक्षकांची शाळा, तिला कोणी काही दिलं तर ते बहुधा जुने कपडे असतात. तुझ्या कंपनीतला तो मिथुन टेंपोबरोबर आला, वायरी जोडल्या, अर्धा दिवस मला शिकवून गेला. मुलगा सभ्य आहे, फक्त फार भरभर बोलतो. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्याला परत वाचून दाखवलं. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, इतकं तर मला पण माहीत नाही." इथपर्यंत कोणाची काही चूक नव्हती.

आता तुला माहीत असावं (तू खाजगी कंपनीत आहेस, तिथे शिस्त नसते) की शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढवायची, तिला नंबर द्यायचा आणि तो नंबर शाळेच्या नावासकट त्या वस्तूवर ऑइलपेंटने लिहायचा. आमच्या बादलीवर नंबर आहे, घंटेवर आहे, तुळशी खिचडी शिजवते त्या पातेल्यावर आहे. म्हणून तर पस्तीस वर्षांत माझ्या शाळेतून साधा पेलाही कुठे गेलेला नाही. तुझ्या संगणकांना ४७ ते ५० हे नंबर मिळाले. रंगवायला मी वेवजी गावच्या लडक्या पेंटरला बोलावलं. तो टेंपोंच्या मागे नावं रंगवतो. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. त्याला काम सांगितलं आणि मी दोन दिवस तलासरीला मीटिंगला गेले. परत येऊन बघते तर चारही पडद्यांवर, काचेवरच, खालच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल अक्षरांत शाळेचं नाव! डाव्या कोपऱ्यात नंबर. उजव्या कोपऱ्यात गुलाबाचं फूल. (फूल कोणी सांगितलं होतं? तर म्हणे टेंपोवर काढतो, मग इथे नको कसं म्हणू.) बाजूचा डबा कोरा, मागची बाजू कोरी. एवढी कोरी जागा सोडून माणसाने नेमकं पाहायच्या ठिकाणी लिहावं? सगळ्या शाळेसमोर मी त्याला जे बोलायचं ते बोलले. सांगितलेलं नीट ऐकायचं असतं, हे मी त्याला सात वर्षांचा असताना शिकवलं होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि रंगाचे डबे उचलून गेला.

पुसायचा प्रयत्न आम्ही केला. उमेश गुरुजींनी ५० नंबरच्या कोपऱ्याला रॉकेल लावून घासलं. रंग होता तसा राहिला आणि त्याच्याभोवती मोतीबिंदू झाल्यासारखं पांढरं आलं. मिथुनला फोन केला. तो म्हणाला, हात लावू नका. बरं, संगणक चालत होते. खालची दोन बोटं जागा सोडली तर बाकी सगळं दिसत होतं. अडचण एकच. ज्या बटणापासून सगळं सुरू होतं ते तिथे डाव्या कोपऱ्यात, बरोबर नंबराच्या खाली. दिसत नाही, पण क्लिक केलं की उघडतं. मी त्यावर साधा उपाय काढला. प्रत्येकाने एकच संगणक धरायचा आणि आपल्या नंबराच्या खाली क्लिक करायचं. संगिताबाईंना ४७, उमेशना ४८, लाहू गुरुजींना ४९, मला ५०. वहीत पहिल्या पानावर पहिलं वाक्य तसंच लिहिलं आणि तिघांकडून पाच पाच वेळा उतरवून घेतलं.

तीन महिने शाळा सुटल्यावर रोज एक तास मी या तिघांना शिकवलं. तू मोठ्या लोकांना शिकवलं आहेस का? मुलं चुकली की हसतात. मोठी माणसं चुकली की कारण देतात. लाहू गुरुजी बावन्न वर्षांचे आहेत. दोनदा क्लिक करायचं म्हटलं की ते एकदा करत, थोडं थांबून विचार करत आणि मग दुसऱ्यांदा करत. उमेशनी बनवलेला धडा लाइट गेल्यामुळे तीनदा नाहीसा झाला. तेव्हापासून ते धडा आधी वहीत पूर्ण लिहून काढतात, मग संगणकावर चढवतात, मग वहीशी ताडून बघतात. म्हणजे काम तिप्पट. संगिताबाई मात्र हुशार. त्यांनी पाड्यावर फिरून कणगी, सूप, उखळ, मासे धरायची टोपली यांचे फोटो काढले आणि दुसरीच्या मुलांसाठी एकेका फोटोखाली एकेक शब्द लिहिला. आमची मुलं घरी वारली बोलतात. पुस्तकातली आगगाडी त्यांच्या ओळखीची नाही. कणगी आहे. फेब्रुवारीपर्यंत तिघेही आपापल्या नंबरावर तरबेज झाले होते. मी मनात म्हटलं, सव्वीस वर्षं मुख्याध्यापक राहिलीस, जाता जाता हेही केलंस.

मग तालुक्याहून पत्र आलं. ज्या शाळांत संगणक आहेत तिथल्या शिक्षकांची तलासरीला चाचणी होणार. नापास झाले तर संगणक वापरात नाहीत असं समजून गरजू शाळेला देणार. (गरजू म्हणजे हायवेवरची शाळा. तिला कंपाउंड आहे, पंखे आहेत, आणि तिथल्या गुरुजींनी संगणकाचं टेबल दिवाळीतच बनवून घेतलं होतं.) तू दिलेली वस्तू ते कशी नेतील, असं तू विचारशील. रजिस्टरला चढली की ती जिल्हा परिषदेची होते. चढवली कोणी? मीच.

१८ तारखेला आम्ही गेलो. हॉलमध्ये नवे कोरे संगणक. तिघांना समोर बसवलं आणि सांगितलं, सुरू करा, एक पान टाइप करून दाखवा. धनेश, तिघेही हात मांडीवर घेऊन बसून राहिले. चाचणी घेणाऱ्या तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, काय झालं? संगिताबाई म्हणाल्या, "सर, यावर सत्तेचाळीस नाही." साहेबांना वाटलं या आसनक्रमांकाबद्दल बोलताहेत. त्यांनी उठून खडूने टेबलावर ४७ लिहून दिलं. लाहू गुरुजींनी तर पडद्याला हाताने चाचपून बघितलं आणि हा संगणक अपुरा आहे असं लेखी देऊ केलं. त्या हॉलमध्ये चाळीस शिक्षक होते. ते कसे हसले ते मी लिहीत नाही. तुला त्याचा सराव आहेच.

गुरुवारी, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, टेंपो दारात. साहेब आले, हायवेचे गुरुजी आले, दोन हमाल आले. मी रजिस्टर समोर ठेवलं आणि बाजूला झाले. हुकूम तो हुकूम. संगिताबाईंचा दुसरीचा तास चालू होता. मी त्यांना सांगितलं, तास थांबवायचा नाही, ४७ शेवटी नेतील. हमालांनी ४८ उचलून बाहेर आणला. हायवेच्या गुरुजींनी त्यावरचं कापड काढलं आणि बघतच राहिले. एवढ्या मोठ्या अक्षरांत आमच्या शाळेचं नाव, शिवाय फूल. म्हणाले, "हे असं माझ्या शाळेत ठेवू? पालक काय म्हणतील?" तुळशी चुलीजवळ बसून पातेल्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "दुसऱ्याच्या खुणेचा बैल आपल्या दारात बांधला तं लोक चोरच बोलतील नं." मग गुरुजी म्हणाले, घेतो, पण पुसून द्या. साहेब म्हणाले, पुसून द्यायचं मी पत्रात लिहिलेलं नाही. यावर ते दोघं अर्धा तास भांडले.

आणि तेवढ्यात आत सोमी वाचायला उभी राहिली. ही दुसरीतली मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. पडद्यावर फोटो आला आणि ती मोठ्याने म्हणाली, "कणगी." पुढचा आला, "सूप." तिने अकरा शब्द वाचले. साहेब भांडण टाकून दारात येऊन उभे राहिले. मी बाहेरच थांबले. तास चालू असताना मुख्याध्यापकाने मध्ये बोलू नये.

पण नियम तो नियम, असं साहेबांचंही मत आहे. (माणूस वाईट नाही.) त्यांनी असं लिहून दिलं: १० मार्चला फेरचाचणी. पास झाले तर संगणक इथेच राहतील. नापास झाले तर पडदे साफ करून हायवेच्या शाळेला द्यायचे. साफ करण्यासाठी थिनरची एक बाटलीही लगेच टेंपोतून काढून दिली. आणि टेंपो रिकामा गेला.

मी परवा, २८ तारखेला, निवृत्त होते. फेरचाचणीला मी तिथे नसेन. पस्तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट तुझ्या ओवाळणीपायी असा झाला. चाळीस शिक्षकांसमोर हसं झालं, साहेब दारात आले, आणि एका पेंटरपायी माझे तीन शिक्षक अडाणी ठरले. तेव्हा तू माझी एवढी पीडा दूर कर. तुझे संगणक तू येऊन घेऊन जा, कसे न्यायचे ते तू आणि साहेब बघा. मला त्यांचं तोंडही पाहायचं नाही.

तात्यांचे तुला व दिशाला आशीर्वाद.

तुझी,
कुमुदताई

ता. क. वर लिहिलेलं तू खरं धरून टेंपो पाठवशील, तुझा भरवसा नाही. पाठवू नकोस. त्याऐवजी एक कोरा संगणक दोन आठवड्यांसाठी पाठव, आठ दिवसांच्या आत. तिघांना नंबराशिवायच्या कोपऱ्याची सवय करायची आहे. निवृत्त झाल्यावर शाळेत येऊन शिकवू नये असा नियम मी शोधला, सापडला नाही. मिथुनलाही पाठव, पण हळू बोलायला सांग.

ता. क. २. थिनर लागेल का असं तू विचारशील. नाही. जोवर रंग आहे तोवर ते कोणी नेत नाही.

ता. क. ३. (मंगळवार. पत्र टाकायचं राहिलं होतं.) आज निरोपसमारंभाला लडक्या आला होता. त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढून दिली, नोव्हेंबरची. रजिस्टरच्या सूचनांमधली ओळ मी घाईत तशीच उतरवून दिली होती: 'शाळेचे नाव व क्रमांक वस्तूच्या दर्शनी भागावर, ठळक अक्षरांत.' संगणकाचा दर्शनी भाग कोणता, ते तूच सांग. मी सगळ्या शाळेसमोर त्याला बोलले होते, म्हणून सगळ्या शाळेसमोर त्याची माफी मागितली. चिठ्ठी इतके दिवस का ठेवलीस, आणि तेव्हाच का नाही दाखवलीस, असं विचारलं. म्हणाला, "बाई, तुम्ही बोलत होतात नं. मध्ये कसा बोलू?"

चार्ज दिला त्याची नक्कल तुझ्या माहितीसाठी खाली देते.

शाळेच्या किल्ल्या: ७.
डेड स्टॉक रजिस्टर: १. पुढचा क्रमांक ५१, नोंद कोरी ठेवली आहे. (नंबर मागच्या बाजूला टाकावा.)
संगणक: ४, क्र. ४७ ते ५०, शाळेच्या नावासह, चालू स्थितीत.
संगणक शिकण्याची वही: १. पहिल्या पानावरचं 'आपल्या नंबराच्या खाली' खोडून 'डाव्या कोपऱ्यात' केलं आहे.
थिनरची बाटली: १, सील न फोडलेली.
चिठ्ठी: १, हस्ताक्षर देणाऱ्याचं.

देणार: कुमुद चुरी
घेणार: संगिता धोडी