हळदीचा लाल डाग

४ एप्रिल
अठराला रिसोडच्या शाळेत विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी नमुना पाठ! विषय – भौतिक आणि रासायनिक बदल. सासरे म्हणाले, "नोकरी कायले? वावरात हळद काय कमी हाय?" मुकेशने नवरा या नात्याने ठाम निर्णय दिला – "पाहू."

९ एप्रिल
भाकरी थापताना पाठ घोकला. परत फिरतो तो भौतिक, फिरत नाही तो रासायनिक. बर्फाचं पाणी, पाण्याचा बर्फ. कागदाची मात्र राखच.
मागून सासूबाई – "खोटं हाय हे."
सातवी शिकलेल्या हौसाबाईंनी माझी बी.एस्सी. तीन शब्दांत निकालात काढली! कसं काय, विचारलं तर म्हणे, "तवा पाय, भाकर जळून राह्यली."

१७ एप्रिल
लग्न हा कोणता बदल? आडनाव बदललं, पत्ता बदलला, पदार्थ तोच – असं तीन वर्षं समजतेय. उद्या जमलं नाही तर समजणं बंद.

१८ एप्रिल
सासऱ्यांना हळदीची पोती आजच दारात काढायची होती. काय मुहूर्त! मोतिया साडी नेसून निघाले आणि पोत्याला घासले. निऱ्यांवर पिवळा पट्टा. घाईत साबण चोळला – लालभडक! हळदीला साबण लागला की काय होतं, हे सहावीतली पोरंही सांगतील. बी.एस्सी. बाई विसरल्या.
सासऱ्यांनी तोंड फिरवलं. "आता कायची शाळा?" रागाने रडूच आलं. दुसरी बरी साडीही नाही. सासूबाईंनी पर्समध्ये लिंबू कोंबलं. दृष्ट लागू नये म्हणून असेल. केवढी काळजी!
वर्गात फळ्यावर लिहिलं – रासायनिक बदल परत फिरत नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, साडीले काय लागलं?" वर्ग खुसखुसला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. लिंबू काढलं, दातानेच फोडलं, डागावर पिळलं. लाल गेलं, पिवळं आलं! मुख्याध्यापक खुर्ची सोडून बघायला आले. फळ्यावरचं वाक्य मीच पुसलं.

२६ एप्रिल
निवड झाली!! मुकेश – "मी तं म्हणतच होतो." हो, 'पाहू' म्हणत होता.

२७ एप्रिल
सासूबाईंना विचारलं, लिंबाचं कसं ठाऊक? मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "माही अंगणवाडीची मुलाखत होती. असाच डाग, असाच साबण. लाल पाहून सासू म्हणे, कावळा शिवला, कोपऱ्यात बस. हळद हाय म्हटलं, कोण आयकते? चार दिवस बसली. लिंबाचं मंग समजलं."