पिंपळनेरचे राहून गेलेले आभार

जळगाव,
२ जुलै १९९३

तीर्थस्वरूप पंडितमामांना, लीलाधरचा दोन्ही हात जोडून आणि या खेपेस कान धरूनही साष्टांग नमस्कार.

डोळ्याची पट्टी सुटली, आता कसे दिसते? मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी वाचायला मनाई केली असेल तर हे पत्र मामींकडून वाचून घ्यावे, आणि मामींनी त्यांच्याविषयीचा मजकूर गाळू नये. त्यांच्या गुडघ्यांची स्वतंत्र चौकशी केली आहे असे समजावे. इकडे सर्व ठीक, म्हणजे मी सोडून सर्व. माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. जेवता जेवता उठतो, वर्गात पानिपत शिकवता शिकवता खिडकीशी जाऊन उभा राहतो (मुले तेवढ्यात पानिपत आपापसात लढून घेतात), आणि हे पत्र इथवर येईतो मी दोनदा अंगणात जाऊन आलो. तुमची भाचेसून म्हणते, यांना कुठल्यातरी डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय करणार? मला इतिहासाने पछाडले आहे.

मागच्या आठवड्यात मी साक्रीवरून दोनदा गेलो आणि एकदाही घरी आलो नाही, हे तुम्हाला कळले असेलच. माझी बाजू ऐकावी. जाताना पिंपळनेरची गाडी स्टँडवर थांबली तेव्हा तुम्ही हिरवा चष्मा लावून पानटपरीपाशी उभे होता. मी खिडकीतून हात हलवला. तुम्हीही हलवला, पण तो माझ्या मागच्या खिडकीतल्या माणसाला. येताना मात्र मी मुद्दाम मान खाली घालून बसलो, हे कबूल करतो. मी उतरलो असतो तर तुम्ही विचारले असते, काय सापडलं? मी सांगितले असते, आणि दुसऱ्या दिवशी ते ‘साक्रीच्या वार्ताहराकडून’ म्हणून पेपरात आले असते. तेव्हा ते येऊन चालणार नव्हते.

आता मूळ गोष्ट. कै. पितांबरआबांचे नाव तुम्ही ऐकलेले आहे. धुळ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आणि सुट्टी लागली की दोरीला दगड बांधून खानदेशातल्या बारवांची खोली मोजत हिंडायचे. कोणती बारव कोणी बांधली, पायऱ्या किती, पाणी कोणत्या महिन्यात आटते, असा सगळा इतिहास त्यांनी जमवला. यंदा त्यांची जन्मशताब्दी. आमच्या जळगावात समिती झाली, निवृत्त हेडमास्तर यादवराव अध्यक्ष झाले, आणि आबांचे चरित्र लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण त्या सभेला मी उशिरा पोचलो. आबांची मुलगी द्रौपदाबाई इथेच आमच्या मागच्या गल्लीत राहते. सत्तरी उलटलेली. तिने मला देवघरात नेले आणि देवांच्या शेजारी काचेत लावलेले एक जुने कात्रण दाखवले. ‘साप्ताहिक लळिंगवृत्त’, जुलै १९३८. पिंपळनेर येथे शुक्रवारी इतिहासमार्तंड पितांबरआबांचे बारवांवर व्याख्यान, सहस्रावधी जनसमुदाय, श्रोते चित्रासारखे तटस्थ, शेवटी तरुण कार्यकर्ते चुडामण यांनी आभार मानले आणि समारंभ आनंदात पार पडला.

या कात्रणाला ती रोज हळदकुंकू वाहते, त्यालाही कारण आहे. त्याच शुक्रवारी एदलाबादचे (आता मुक्ताईनगर म्हणायचे) पाहुणे तिला बघायला आले होते, आणि बाप घरात नव्हता. लग्न जमले, पण सासूने जन्मभर ऐकवले की पोरगी दाखवायला हिच्या बापाला सवड झाली नाही. द्रौपदाबाई दरवेळी एकच उत्तर द्यायची, हजार माणसे वाट बघत होती माझ्या बापाची. सासू गेली, नवरा गेला, उत्तर राहिले. समितीने त्या व्याख्यानाचा संगमरवरी दगडही कोरून घेतला आहे आणि तो पिंपळनेरच्या शाळेत बसवायचा आहे. दगड बघायचा आणि मग डोळे मिटायचे, असे ती म्हणते. (असे म्हणून ती मला दरवेळी एवढा चिवडा देते की आधी माझेच डोळे मिटतील.)

मी धुळ्याला जाऊन ‘लळिंगवृत्ता’चे जुने अंक चाळायला बसलो. बसलो म्हणजे काय, एक पान उलटायचे, तीनदा शिंकायचे आणि व्हरांड्यात जाऊन यायचे. शेवटी नाकाला पंचा बांधला, तर ग्रंथपालांनी मला क्षयरोगी समजून टेबल बदलून दिले. शिवाय जुन्या पेपरात एक वाईट खोड असते, आपण शोधायला जातो ते सोडून बाकी सगळे वाचावेसे वाटते. कोणा रतिलालशेटची म्हैस हरवल्याची जाहिरात होती, उजवे शिंग मोडलेले. तिच्या मागे मी तीन महिन्यांचे अंक गेलो. शेटजी दर अंकात बक्षीस वाढवत होते. मग जाहिरात एकाएकी बंद झाली. म्हैस सापडली की शेटजी थकले, कळायला मार्ग नाही. अजून जीवाला चुटपुट आहे.

आबांच्या व्याख्यानाच्या बातम्या मात्र भरपूर सापडल्या. सुरुवातीला मी हरखलो. पुढे लक्षात आले की सगळ्या बातम्या एकाच साच्यातल्या. अमळनेर असो की पहूर, श्रोते चित्रासारखेच तटस्थ, समारंभ आनंदातच पार. परत येऊन मी द्रौपदाबाईला सहज विचारले, तर तिने अभिमानाने सांगितले की बातम्या आबा स्वतःच लिहून द्यायचे, त्यांच्याइतके चांगले दुसरे कोण लिहिणार? मामा, त्या क्षणी मला तुमची आठवण झाली. तुमच्या बातम्या वाचत मी लहानाचा मोठा झालो. कार्यक्रम संध्याकाळचा आणि बातमीचे पाकीट सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे, ही तुमची पद्धत मला पाठ आहे. दहिवेलच्या हळदीकुंकवाच्या अध्यक्षस्थानी तुम्ही मामींना बसवले होते आणि त्या वेळी मामी आमच्याकडे जळगावात पापड लाटत होत्या. (मामी, ही ओळ गाळली तरी चालेल.)

म्हणून मी पुन्हा धुळ्याला गेलो आणि पुढच्या शनिवारचा अंक काढला. त्यात चार ओळी होत्या. पांझरेस महापूर, पिंपळनेरकडील रस्ता गुरुवारपासून दोन दिवस बंद, माणसास उतार नाही. व्याख्यान शुक्रवारी! त्याच पावली पिंपळनेरची गाडी धरली, कारण त्या बातमीतला एक तरी माणूस जिवंत असला तर तो आभार मानणाराच असणार, सर्वात तरुण तोच.

चुडामणभाऊ जिवंत आहेत आणि चांगले खणखणीत आहेत. ओट्यावर बसून बियाण्याचा मका निवडत होते. मी भीत भीत विचारले, ते व्याख्यान खरेच झाले का? म्हणाले, “व्हयनं ना! मी सोता देखं.” माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुढे म्हणाले, “आयकं मात्र नही. कसं आयकावं? मझार पांझरा व्हती.”

झाले असे. आबांनी बातमी गुरुवारीच छापखान्यात दिली, कारण शनिवारच्या अंकाचे खिळे त्या दिवशी जुळवायला घेत. मग ते निघाले. शुक्रवारी नदीवर येऊन बघतात तो साक्रीच्या बाजूच्या काठावर आबा, गावाच्या बाजूला श्रोते, आणि मध्ये पूर. श्रोते मात्र खरेच सहस्रावधी होते, मामा. बठ्ठे, म्हणजे अख्खे, गाव पूर बघायला लोटले होते. लोकांनी हातवारे करून सांगितले, परत जा. आबांनी तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडून सांगितले, त्यातले एवढेच इकडे पोचले, “बातमी छापाले दिन्ही शे!” आणि त्यांनी व्याख्यान सुरू केले. पागोटे काढून दगडाखाली ठेवले, कोरड्या घशाने, भर वाऱ्यात, दिवस कलेपर्यंत बोलत होते. दोरी-दगड काढून बारव कशी मोजतात तेही पुरात सोडून दाखवले. एक शब्द ऐकू आला नाही. पण कोणी उठून गेले नाही, कारण पूर चढत होता आणि हा माणूस मागे सरकत नव्हता. म्हणजे श्रोते चित्रासारखे तटस्थ हेही खरेच.

हार चुडामणभाऊंच्या हातात होता. तो त्यांनी शेवटी नदीत सोडला. पण आभार राहिले. “मना आभार बाकी शेतस,” असे म्हणून ते माझ्यासमोर उभे राहिले, टोपी नीट केली, आणि पंचावन्न वर्षांपूर्वी पाठ केलेले आभाराचे भाषण त्यांनी पुस्तकी मराठीत मला म्हणून दाखवले. अध्यक्षमहाराज झाले, कोणा तात्यासाहेबांचा गॅसबत्तीवाला झाला, आणि मग वाक्य आले, ‘तसेच पर्जन्यराजानेही आज कृपा करून उसंत दिली, त्याचेही आभार.’ तिथे ते थांबले आणि नदीकडे बघत राहिले. मला हसू येत होते आणि रडूही. मी चप्पल घालून गल्लीत एक चक्कर मारून आलो, तोवर ते तसेच उभे होते. मग मला दम दिला की दगड शाळेत बसवाल तर मी भर सभेत उठून सगळे सांगीन. दगड पलीकडच्या काठावर बसवा, मी तिथे येऊन आभार मानतो.

आता माझी अवस्था बघा. यादवरावांना सांगितले तर त्यांनी कात्रणावर बोट ठेवले. छापून आले ते खोटे असते तर आपण पेपर कशाला घेतो, हे त्यांचे तत्त्व. दगड शाळेतच. चुडामणभाऊ गप्प बसणार नाहीत, आणि त्या सभेत पहिल्या रांगेत द्रौपदाबाई असणार. तिने जन्मभर सांभाळलेले उत्तर तिच्या देखत मोडायचे? की मी आधीच जाऊन सांगायचे, की हजार माणसे वाट बघत होती, पण पुराची? कालपासून मी तिच्या दारापर्यंत चारदा गेलो आणि चिवड्याचा वास आला की परत फिरलो. मला आबांचा राग येतो, तुमचा येतो (तुम्ही काही केले नसले तरी), आणि सर्वात जास्त माझा येतो. एक म्हैस शोधत बसलो असतो तर बरे झाले असते.

पोरे बाहेर गोंधळ घालत आहेत, तेव्हा पुरे करतो. तुम्ही नि मामी जपून राहा, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, आणि या वेड्या भाच्यावर लोभ कमी झाला असेल तर पूर्ववत करा.

तुमचा अस्वस्थ,
लीलाधर

ता. क. पाकीट बंद करून टपालात टाकायला निघालो तो पाय द्रौपदाबाईकडेच वळले. सांगून टाकले, सगळे, उभ्या उभ्या. तिने हातातला चिवड्याचा डबा खाली ठेवला. मी पळायच्या बेतात होतो. मग म्हणाली, “तरीच! आठ दिन आबानी वाचा बंद व्हती.” आबा घरी आले ते मुके होऊन. आई हळद घालून दूध देत होती, पाहुण्यांचे काय झाले ते सांगत होती, व्याख्यान कसे झाले विचारत होती, आणि आबांना बोलता येईना म्हणून त्यांनी नुसता पेपर पुढे केला. तेच ते कात्रण. मी म्हटले, मग तुमचे उत्तर? ती डोळे पुसत माझ्यावरच खेकसली, “हजार मानसेसपुढे कोनीबी बोली. पूरनापुढे कोन बोलस?” दगड पलीकडच्या काठावरच बसला पाहिजे, नाहीतर ती येणार नाही.

ता. ता. क. आता खरे काम. दगडावर फक्त ‘या स्थळी’ असे कोरलेले आहे, त्यामुळे तो कुठेही चालतो. समारंभ रविवारी, ११ तारखेला. सोबत बातमी लिहून पाठवत आहे: शिलेचे अनावरण पांझरेच्या साक्रीकडील काठावर द्रौपदाबाईंच्या हस्ते झाले, श्री. लीलाधर यांच्या विद्वत्ताप्रचुर भाषणाने श्रोते चित्रासारखे तटस्थ झाले (हे वाक्य आबांचेच, मी फक्त नाव बदलले), शेवटी ज्येष्ठ कार्यकर्ते चुडामण यांनी आभार मानले. ही तुम्ही अशा बेताने पाठवायची की शनिवारीच छापून येईल. एकदा छापून आले की यादवराव त्याबाहेर जायचे नाहीत. तुमची आयुष्यभराची खोड यापूर्वी कधी सत्कारणी लागली नसेल, ती आता लावा.

ता. ता. ता. क. आत्ताच रेडिओने सांगितले की साक्रीच्या पश्चिमेला मोठा पाऊस आहे. पांझरेवर आता पूल आहे, तरी रविवारी त्या काठावर मी आणि दगड असे दोघेच उरण्याचा संभव दिसतो. बातमी मात्र थांबवू नका. घशाचे मी पाहून घेतो.